मेघनाची नारिंगी खुर्ची आणि कमलताईंचा कॉम्प्रेसर

कमल तांबे आमच्या चाळीत तळमजल्यावर राहतात. मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या बरोबर वरच्या खोलीत. मी शाळेत गणित शिकवते. कमलताई परळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं रंगारी होत्या. भिंती रंगवणाऱ्या नव्हे. पेशंटच्या लोखंडी खाटा, स्ट्रेचर, सलाइनचे स्टँड, चाकाच्या खुर्च्या, सगळं गंजलेलं सामान तळघरातल्या वर्कशॉपात यायचं आणि त्या स्प्रेगनने रंगवून परत वर पाठवायच्या.

तिथे त्या आवडीने गेल्या नव्हत्या. नवरा त्याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता, तो अचानक गेला. मुलगा राहुल तेव्हा चार वर्षांचा. अनुकंपेवर नोकरी मिळाली आणि साहेबांनी वर्कशॉपात जागा रिकामी आहे म्हणून तिकडे पाठवलं. वर्कशॉपात अकरा पुरुष आणि एक फिटर, बाबुराव गमरे, जो सगळ्यांचा मुकादम असल्यासारखा वागायचा. पहिल्या दिवशी त्याने कमलताईंकडे बघितलं आणि साहेबांना विचारलं, "हिला काय देऊ? झाडू?" कमलताईंनीच उत्तर दिलं, "झाडू मारते. पण दुपारपर्यंत. दुपारनंतर रंग शिकवा."

दोन वर्षांत त्या सगळ्यांत सफाईने रंग मारू लागल्या. पाठीमागच्या खोलीत अवाढव्य कॉम्प्रेसर होता, त्याची हवा भिंतीतल्या पाइपातून यायची, पाइपाला नळी, नळीला गन. कमलताईंचं राज्य गनपासून पुढे. बाबुराव त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा, तेही पहिलं वर्ष उलटल्यावर.

गेल्या वर्षी एकतीस मेला त्या रिटायर झाल्या. नारळ, शाल, फोटो असं सगळं झालं. जून त्यांनी कसाबसा काढला. घरातले डबे तीनदा घासले, बाबासाहेबांच्या फोटोची चौकट नव्याने पॉलिश केली, राहुलच्या स्कूटरला हात लावू का म्हणून विचारलं, तर तो नाही म्हणाला. मग आमच्या अप्पांचा वॉकर घेऊन गेल्या आणि ब्रशने रंगवून आणला. आम्हाला तो छानच वाटला. कमलताई मात्र त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "बघ नम्रता, ब्रशच्या रेघा. आणि हा केस चिकटलाय. असं काम मी वॉर्डात पाठवलं असतं तर सिस्टरने परत धाडलं असतं."

त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतली मेघना आली. बावीस वर्षांची, कॉलेज नुकतंच संपलेली, लहानपणापासून व्हीलचेअरवर. वॉकरची बातमी अप्पांनीच तिच्यापर्यंत पोचवली होती. तिच्या खुर्चीचा रंग पोपडे धरून निघत होता आणि पायाकडचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते.

"माझी रंगवून द्याल का, मावशी? चार दिवस मी घरातल्या जुन्या खुर्चीवर काढीन."

"देईन की," कमलताई म्हणाल्या.

"नारिंगी हवी. एकदम भडक. झेंडूसारखी."

कमलताईंनी तिला दारापर्यंत सोडलं. नंतर मला म्हणाल्या, "तीस वर्षं झाली गं. पांढरा, नाहीतर हॉस्पिटलचा हिरवा. कोणता रंग हवा असं कुणी मला सांगितलंच नाही कधी." आणि मग लगेच, "ही ब्रशने नाही करणार मी. कॉम्प्रेसर घेते."

राहुल कुरिअर कंपनीत हिशेबाचं काम बघतो. तो आईच्या बाबतीत फार उत्साही आहे, विशेषतः मोबाइलवर. त्याने पाच मिनिटांत एक मशीन शोधून काढलं. लाल रंगाचं, चकचकीत, फोटोत एक गोरा माणूस हसत उभा.

"आई, हा बघ. तीन एचपी. तुझ्या हॉस्पिटलवाल्यासारखा. उद्या घरी येईल."

"एचपी म्हणजे मोटर किती खाते ते झालं," कमलताई म्हणाल्या. "देते किती ते लिहिलंय का?"

"काय देते?"

"हवा. मिनिटाला किती हवा देतो? आणि किती दाबावर? गन हवेवर चालते रे, एचपीवर नाही."

राहुलने फोन माझ्याकडे दिला, कारण बारीक अक्षरात इंग्रजी होतं. तिथे दोन आकडे होते. मोठ्या अक्षरात एक, आणि खाली कोपऱ्यात त्याच्या जवळजवळ निम्मा दुसरा. मी वाचून दाखवलं. कमलताई म्हणाल्या, "मोठा आकडा म्हणजे पिस्टन किती हवा ओढतो. बारीक आकडा म्हणजे नळीतून किती निघते. आपल्याला बारीकवाला पाहिजे." हे त्यांना कुठून ठाऊक, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, वर्कशॉपात नवीन गन आली की तिच्या डब्यावर लिहिलेलं असायचं, इतकी हवा लागेल म्हणून. जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही वाचायला नसायचं.

शनिवारी आम्ही तिघं नागदेवीला गेलो. तिथे अख्ख्या गल्लीत हत्यारांची दुकानं आहेत, ड्रिल, पाने, पंप, साखळ्या. कमलताईंनी एक कापडी पिशवी घेतली होती. तिच्यात त्यांची स्वतःची छोटी स्प्रेगन होती, रिटायर होताना सहकाऱ्यांनी भेट दिलेली.

पहिल्या दुकानात कमलताईंनी प्रश्न विचारला आणि दुकानदाराने उत्तर राहुलला दिलं. "भाईसाब, ये ले जाओ, घर के लिए बढिया है." कमलताईंनी दुसरा प्रश्न विचारला. त्याने परत राहुलकडेच बघितलं. राहुल म्हणाला, "मला काय सांगता, मला सायकलमध्ये हवा भरता येत नाही." तोवर कमलताई दुकानाबाहेर पडल्या होत्या.

चौथ्या की पाचव्या दुकानात हितेंद्रभाई भेटले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, समोर चहा. कमलताईंनी विचारलं, "चालवून दाखवाल?" ते म्हणाले, "ताई, चालवल्याशिवाय घेऊच नका." मग कमलताईंनी पिशवीतून गन काढली. हितेंद्रभाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि चहा बाजूला सरकवला.

पुढचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. कमलताई गनचा चाप दाबून धरायच्या, नुसती हवा, आणि मला साठपर्यंत मोजायला सांगायच्या. डोळे मशीनच्या दाबाच्या काट्यावर. पहिलं मशीन छोटं होतं, चोवीस लिटरच्या टाकीचं. मी बावीसपर्यंत आले तेवढ्यात काटा खाली गेला आणि गनची शिट्टी बसली. "हा सोफ्यावरची धूळ उडवायला ठीक," त्या म्हणाल्या.

दुसरं मशीन पट्ट्यावर चालणारं, तेल घालायचं, चांगलं वजनदार. ते सुरू झालं आणि वरच्या फळीवरची स्क्रूची खोकी नाचायला लागली. मी साठ मोजले, पुढे ऐंशी मोजले, काटा जागचा हलला नाही. राहुल खूश झाला. "हाच घे, आई. यावर ते घासायचं मशीनपण चालेल ना? गंज काढायचं?"

"चालेल. सँडर सगळ्यांत जास्त हवा खातो, आणि हा पुरून उरेल." कमलताईंनी मशीनभोवती एक फेरी मारली. "पण राहुल, आपल्या डोक्यावर अप्पा दुपारी दोन ते चार झोपतात. हा सुरू झाला तर अप्पांची खाट चालत गॅलरीत येईल."

तिसरं मशीन बिनतेलाचं, दोन मोटरींचं, पन्नास लिटरची टाकी. हितेंद्रभाई म्हणाले, याला सायलेंट म्हणतात. कमलताई म्हणाल्या, "म्हणू देत. ऐकते मी." त्यांनी राहुलला मशीनजवळ उभं केलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन पावलं मोजत निघाल्या. हातगाड्यांच्या मधून बारा पावलं जाऊन त्या थांबल्या, कारण आमच्या मागच्या अंगणापासून अप्पांच्या खिडकीपर्यंत साधारण तेवढंच अंतर. तिथून हात वर केला. राहुलने बटण दाबलं. त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. एका हमालाने "ताई, बाजू द्या" म्हटलं तरी हलल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मिक्सरपेक्षा कमी आहे. शेजारच्यांच्या टीव्हीपेक्षा तर खूपच कमी."

मग गनची परीक्षा. साठ मोजून झाले तेव्हा काटा थोडा उतरला होता, पण तिथेच टिकून राहिला. मोटरी हवा भरत होत्या आणि गन तेवढीच खात होती.

"सँडर नाही चालणार हां यावर, ताई," हितेंद्रभाईंनी आपणहून सांगितलं. "मी खोटं नाही बोलणार. दहा सेकंद फिरेल आणि बसेल. हवेचा पाना चालेल, बोल्ट सोडवायला. तो दोन दोन सेकंदच लागतो."

दुकानाच्या पायरीवर बसून कमलताईंनी विचार केला. मोठ्याने, आम्हाला ऐकू येईल असा. गंज काढायला घरात विजेचं ड्रिल आहे, त्याला तारेचा ब्रश लावला की झालं. बाकी हात आहेत, पॉलिशपेपर आहे. हवा पाहिजे ती रंगाला, धूळ उडवायला आणि अडकलेल्या बोल्टांना. रोज वीस खाटा रंगवायच्या नाहीत. "मला काय करायचंय ते बघून घ्यायचं की मशीन काय काय करू शकतं ते बघून?" त्यांनी विचारलं. सायलेंट मशीन टॅक्सीच्या डिकीत चढलं. हितेंद्रभाईंनी नळी आणि हवेचा पाना बांधून दिला. पाणी अडवायची एक काचेची वाटीही ते देत होते, पण कमलताई म्हणाल्या, "ते कशाला? तीस वर्षांत मला कधी लागलं नाही."

घरी आल्यावर राहुलने हौसेने इस्त्रीचं एक्स्टेंशन लावलं. मशीन नुसतं कण्हलं. कमलताईंनी तत्काळ प्लग उपटला. "बारीक वायरवर मोटर लावतोस? जाळायची आहे का?" मग वायरमन बोलावून मागच्या दारापाशी पंधरा अँपिअरचा जाड पॉइंट काढून घेतला. मागच्या पत्र्याच्या आडोशाला ताडपत्री बांधली, दोन्ही बाजूंनी वारा जाईल अशी. तोंडाला गाळणीचा मास्क आणला. आणि चाळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आल्या की सकाळी दहा ते बारा, त्यापुढे नाही, आणि कुणाला वास सहन झाला नाही तर लगेच सांगायचं.

अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. पहिल्या दिवशी मशीन चालू झालं आणि ते गॅलरीत येऊन वाकून बघायला लागले.

"कमल, सुरू कधी करतलंस गो?"

"सुरूच आहे, अप्पा."

"असां? माका ऐकाक येवक नाय." ते थोडे खट्टूच झाले, मला वाटतं.

मेघनाची खुर्ची आली. हवेच्या पान्याने अडकलेले बोल्ट टर्रकन सुटले, त्यावर खाली जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस घासणं, मग प्रायमर. तो छान बसला. तिसऱ्या दिवशी नारिंगी. जुलै महिना, हवेत इतका ओलावा की पापडसुद्धा कुरकुरीत राहत नव्हते. कमलताईंनी एका चाकाच्या बाजूने सुरुवात केली, हात समान, न थांबता, मी पहिल्यांदाच त्यांना काम करताना बघत होते. लोखंडावर रंग असा उतरत होता की जणू तो आधीपासूनच तिथे होता.

आणि मग गन शिंकल्यासारखी थुंकली. एकदा, पुन्हा एकदा. ताज्या नारिंगीवर बारीक बारीक खळगे पडले. माशाच्या डोळ्यांसारखे, डोळेच डोळे. कमलताईंनी गन उघडली, धुतली, परत जोडली. परत तेच. रंग बदलून बघितला, थिनर बदलून बघितलं. दुपारी बारापर्यंत अर्धी खुर्ची देवी आल्यासारखी दिसायला लागली.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मी खाली गेले तर ओट्यापाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाटायचं मला येतं. पोरीला काय सांगू?"

"वर्कशॉपात असं कधी झालं नव्हतं?"

"कधीच नाही. पावसाळ्यातपण नाही." आणि हे बोलता बोलताच त्या थांबल्या. "कॉम्प्रेसर बाबुरावकडे होता."

बाबुरावांना त्यांनी आयुष्यात कधी फोन केलेला नव्हता. नंबर कुणा सहकाऱ्याकडून मिळवला. फोनवर बोलणं फार थोडं झालं. कमलताईंनी काय होतंय ते सांगितलं, पलीकडून एक प्रश्न आला, "टाकी सोडता का?" त्या म्हणाल्या, "टाकी सोडायची म्हणजे?" मग पलीकडून एवढंच, "उद्या येतो."

सकाळी साडेनऊला ते वडाळ्याहून आले. साठीचे, कमलताईंच्या दोनच महिने आधी रिटायर झालेले, बारीक, पांढराशुभ्र शर्ट, हातात छत्री. चहा नको म्हणाले, आधी मशीन दाखवा. मशीनपाशी गुडघे टेकून बसले, टाकीच्या पोटाखाली हात घातला आणि एक छोटा नळ फिरवला. फुस्स करून हवा सुटली आणि तिच्यामागून पाणी. गंजट, पिवळं पाणी. ग्लासभर तरी असेल. कमलताई बघतच राहिल्या.

"हवेत पाणी असतं, कमलबाई. मशीन हवा दाबतं, तसं पाणी तळाला जमतं. टाकी भरली की ते नळीतून तुमच्या गनमध्ये. पावसाळ्यात तर रोज सोडायला लागतं. आणि नळीवर पाण्याची वाटी लावा, काचेची."

"ती दुकानदार देत होता. मीच नको म्हटलं." कमलताई खाली जमिनीवर बसल्या. "तीस वर्षं मला हे माहीत नाही. तुम्ही सोडत होता?"

"तुम्ही आठला यायच्या. मी साडेसातला."

"रोज?"

"रोज नाही. रविवारी नाही." बाबुरावांनी रुमालाने हात पुसले. "सुरुवातीला मला वाटलं होतं तुम्ही महिन्यात पळाल. मग तुम्ही ती मुलांच्या वॉर्डातली खाट रंगवली. मी जाऊन बघून आलो होतो. आरशासारखी झाली होती. म्हटलं, एवढं चांगलं काम पाण्याने खराब व्हायला नको."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आधी झाडू देतो म्हणालो होतो."

कमलताई हसायला लागल्या. आधी बारीक, मग अशा की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. बाबुराव अवघडून छत्रीकडे बघत बसले, आणि मग तेही हसले. त्यानंतर चहा झाला, आणि चहाबरोबर बोंबलाची चटणी आणि भाकरीही झाली, साडेदहा वाजता.

त्याच दिवशी राहुलने नागदेवीहून पाण्याची वाटी आणली. हितेंद्रभाईंनी काही न बोलता कागदात गुंडाळून दिली म्हणे, आधीच बाजूला काढून ठेवलेली होती. खराब झालेला रंग घासून काढायला दोन दिवस लागले. कमलताई एका बाजूने, बाबुराव दुसऱ्या बाजूने. त्यांना कुणी यायला सांगितलं नव्हतं, पण ते आले. मग परत नारिंगी. या वेळी गन एकदाही थुंकली नाही. पहिला हात, अर्धा तास थांबून दुसरा, मग तिसरा. ताडपत्रीच्या आत एवढा उजेड झाल्यासारखा वाटला की वरून अप्पांनी विचारलं, आग लागली की काय.

मेघना रविवारी आली. राहुलने तिला जुन्या खुर्चीवरून नारिंगी खुर्चीत बसायला हात दिला. ती दांड्यावरून, चाकाच्या कडेवरून, पायाच्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली, कमलताईंनी अप्पांच्या वॉकरवरून फिरवलं होतं तसंच, पण तिला कुठे काही सापडलं नाही. मग तिने चाकं ढकलली आणि अंगणात एक गिरकी घेतली, आणि आणखी एक.

"मावशी," ती थांबून म्हणाली, "हे तुम्ही मला शिकवाल?"

"काय, रंग?"

"हो. कॉलेज संपलंय. दोन महिने मी घरीच आहे."

कमलताईंनी बाबुरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघता, कमलबाई, तुमचं वर्कशॉप आहे."

राहुलने टीव्हीचं मोठं खोकं उघडून भिंतीला टेकवून उभं केलं. मेघना त्याच्यासमोर खुर्ची घेऊन गेली. बसल्या बसल्या तिचा हात नेमका खाटेच्या चौकटीच्या उंचीला येत होता, हे कमलताईंनी लगेच हेरलं. त्यांनी गनमध्ये उरलेला नारिंगी ओतला, मास्क तिच्या तोंडावर घट्ट बांधला आणि तिच्या मनगटावर आपला हात ठेवला.

"मनगट वळवायचं नाही. अख्खा हात न्यायचा, एका ओळीत. आणि चाप सुटायच्या आधी हात थांबवायचा नाही."

पहिली रेघ वाकडी आली, सुरुवातीला जाड आणि शेवटी पुसट. दुसरी तिच्यावर चढली. तिसऱ्या वेळी मशीनची मोटर मध्येच सुरू झाली तशी मेघना दचकली आणि खोक्यावर एक मोठा नारिंगी ठिपका पडला.

"त्याला घाबरायचं नाही," कमलताई म्हणाल्या. "तो हवा भरतोय. तू आपली रेघ पुढे ने."